मेंढीला तांबं का बाधतं? (मोरचूद फवारणारे आणि शेतात मेंढ्या बसवणारे, दोघांसाठी)



आजचा मेसेज लांब आहे. चहा घेऊन बसा आणि सावकाश वाचा. ज्यांच्या घरी मेंढ्या-शेळ्या आहेत त्यांनी तर नक्की वाचा. ज्यांच्याकडे नाहीत पण वाडीत किंवा भाजीच्या रानात तांब्याचं औषध मारतात, त्यांनीही वाचा.

दिवाळी झाली, भातकापणी उरकत आली. घाट उतरून मेंढपाळांचे वाडे रायगडात यायला लागले. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडी-मुताचं खत पसरायचा खर्च नाही, हे आपल्याला बापजाद्यांपासून माहीत आहे. याच विषयावर एका सभासदाचा प्रश्न आला:

_"माझ्या पोफळीच्या वाडीत पावसाळ्यात दोनदा बोर्डो झालाय. बाजूच्या मिरचीच्या तुकड्यात आठ दिवसांपूर्वी कॉपर ऑक्सिक्लोराईड मारलंय. मेंढपाळदादा म्हणतात, इथं मेंढरं घालणार नाही. आमच्या गाई तर तिथंच चरतात, काही होत नाही. मग त्यांचं म्हणणं खरं की पैसे वाढवून घ्यायचं निमित्त?"_

उत्तर एका ओळीत: *मेंढपाळदादांचं म्हणणं खरं आहे.* जे तांबं गाईला पचतं तेच मेंढीचा जीव घेऊ शकतं. असं का, ते पुढे सांगतो. कारण समजलं की काय टाळायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

*१) तांबं विष आहे की गरज?*

दोन्ही. रक्त तयार व्हायला, लोकर नीट यायला, हाडं आणि मज्जातंतू घडायला तांबं लागतंच. गाभण मेंढीला ते कमी पडलं तर कोकरू मागच्या पायांत लुळं जन्मतं, चालताना झोकांड्या खातं. लोकरीचा कुरळेपणा जाऊन ती तारेसारखी सरळ होते.

पण मोकळं तांबं पेशीत नुसतं फिरत राहिलं तर तीच पेशी आतून जळते. म्हणून शरीर तांब्याला कधीच मोकळं सोडत नाही. प्रत्येक ठिकाणी त्याला धरून ठेवणारं एखादं प्रथिन असतं. आपल्या विषयापुरती त्यातली तीन ध्यानात ठेवा:

▪️ *मेटॅलोथायोनिन*: पेशीच्या आतली तिजोरी. जादा तांबं आणि जस्त धरून ठेवते.
▪️ *सेरुलोप्लाझ्मिन*: रक्तातला वाहतूकदार. रक्तातलं बहुतेक तांबं याच्यातच असतं. एका रेणूत तांब्याचे सहा अणू. रंगाने निळसर असतं. १९४८ साली स्वीडनमध्ये होल्मबर्ग आणि लॉरेल यांनी ते वेगळं काढलं.
▪️ *एटीपी-सात-बी*: यकृतातला पंप. जादा तांबं पित्तात ढकलतो, तिथून ते शेणावाटे बाहेर जातं.

तिजोरी, वाहतूकदार आणि पंप. या तिघांचा मेळ बसला की जनावर ठीक.

*२) जनुक म्हणजे काय आणि ते "चालू" होतं म्हणजे काय?*

प्रत्येक प्रथिन कसं बनवायचं याची कृती पेशीत लिहून ठेवलेली असते. त्या एका कृतीला जनुक म्हणायचं. कृतींची सगळी वही प्रत्येक पेशीत असते, पण प्रत्येक पेशी सगळी पानं उघडत नाही. यकृताची पेशी आपल्या कामाची पानं उघडते, कातडीची पेशी आपल्या. पान उघडून त्याची चिठ्ठी बनते आणि चिठ्ठीवरून प्रथिन तयार होतं. यालाच जनुक चालू झालं असं म्हणतात.

मेटॅलोथायोनिनची कृती अगदी आटोपशीर आहे. वहीत ती तीन तुकड्यांत लिहिलेली आहे. मधे दोन ठिकाणी कामाचा नसलेला मजकूर आहे, तो चिठ्ठी बनताना कापून टाकला जातो. तयार होणारं प्रथिन जेमतेम ६१ कड्यांची साखळी असते. पण त्यातल्या २० कड्या गंधक असलेल्या आहेत. गंधक आणि तांबं एकमेकांना किती घट्ट धरतात हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे एवढीशी साखळी जस्ताचे ७ किंवा तांब्याचे १२ पर्यंत अणू धरून बसते. हे प्रथिन पहिल्यांदा १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात सापडलं. मेंढीतल्या या जनुकांचा क्रम ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात वाचला, तेव्हा कळलं की मेंढीत ही कृती एकदाच लिहिलेली नाही, थोड्याफार फरकाने शेजारीशेजारी अनेकदा लिहिलेली आहे.

या जनुकाच्या तोंडाशी एक स्विच असतो. आपल्या टाकीवरच्या मोटरला फ्लोट असतो ना, पाण्याच्या पातळीवर चालू-बंद होणारा, तसाच. पेशीत मोकळं जस्त वाढलं की फ्लोट उचलला जातो आणि तिजोऱ्या बनायला लागतात. तांबं वाढलं तर ते आधीच्या तिजोरीतल्या जस्ताला हुसकून तिथं बसतं. हुसकलेलं जस्त मोकळं झालं की फ्लोट पुन्हा उचलला जातो. म्हणजे तांबं जितकं येईल तितक्या तिजोऱ्या वाढतात. व्यवस्था चांगली आहे. मग मेंढी मरते कशी?

*३) खारबंदिस्तीचा बांध आणि उघाडी*

हे आपल्याला समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. धरमतर खाडीच्या काठाची खारशेती डोळ्यांसमोर आणा.

बांध मजबूत आहे. आत पाणी येतंय. ओहोटी लागली की उघाडीतून जादा पाणी खाडीत जातं. उघाडी मोठी असेल तर पाऊस कितीही पडो, पाणी चढत नाही. पण उघाडी लहान असेल, गाळाने अर्धी बुजलेली असेल, तर पाणी रोज बोट-बोट चढतं. वरून शेत शांत दिसतं. आणि एका रात्री बांधाला खांड पडते.

*गाईच्या यकृताची उघाडी मोठी आहे. मेंढीची अरुंद आहे.* मेंढीचं यकृत तांबं साठवण्यात पटाईत आहे, पण पित्तावाटे बाहेर टाकण्यात कमजोर आहे. तिजोऱ्या भरत जातात. भरलेल्या तिजोऱ्या पेशीच्या कचराकोठडीत साचत जातात. हे काही आठवडे, काही महिने, कधी वर्षभरही चालतं. या काळात मेंढी खाते, चरते, वजनही धरते. रक्तातलं तांबं तपासलं तरी बऱ्याचदा ठीक येतं, कारण सगळं यकृतात कोंडलेलं असतं.

मग काहीतरी निमित्त होतं. लांबचा प्रवास, उपासमार, अवकाळी पावसात भिजणं, विणं, कुत्र्यांनी कळप पळवणं. यकृताच्या पेशी फुटतात आणि महिनोन्‌महिन्यांचं तांबं एकदम रक्तात उतरतं. तांबड्या पेशी फुटायला लागतात. एक ते चार दिवसांत मेंढी जाते. लोक म्हणतात, "काल चांगली होती, रात्रीत काय झालं?" रात्रीत काही झालं नाही. पाणी कधीचंच चढत होतं, खांड फक्त रात्री पडली.

मेंढीलाच असं का? तिचं मूळ चरणं माळरानावरचं, कमी तांब्याच्या गवतावरचं. त्यात पोटातलं गंधक आणि मॉलिब्डेनम आलेल्या तांब्यातलं बरंचसं बांधून टाकतं. अशा जनावराला मिळालेलं तांबं जपून ठेवणं फायद्याचं होतं, बाहेर फेकायची वेळच क्वचित यायची. याचं टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेला नॉर्थ रोनल्डसे बेटावर आहे. तिथे १८३२ मध्ये बेटाभोवती दगडी गडगा घालून मेंढ्यांना किनाऱ्याकडेच ठेवलं. त्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या समुद्री शेवाळावर जगल्या. शेवाळात तांबं फार कमी, म्हणून कणभर तांबंही धरून ठेवायची त्यांच्या शरीराला सवय. त्याच मेंढ्या आत नेऊन साध्या गवतावर ठेवल्या तर गवतातल्या तांब्यानेही त्यांना विषबाधा होऊ शकते. जातीजातीत फरक असतो तो असा.

*४) माणसात हे पुण्यात दिसलं होतं*

ही गोष्ट फक्त मेंढीची नाही. पूर्वी आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक आजार व्हायचा. साधारण एक ते तीन वर्षांची मुलं, पोट फुगायचं, यकृत दगडासारखं व्हायचं, बहुतेक मुलं दगावायची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या गटाने या मुलांच्या घरी काय दिलं जातं ते तपासलं. १९८३ मध्ये त्यांनी मांडलं की या मुलांना फार लवकर वरचं दूध सुरू झालं होतं, आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलं किंवा ठेवलं जात होतं. दुधात तांबं उतरतं आणि दुधातल्या प्रथिनाला चिकटून बाळाच्या पोटात जातं. भांडी बदलली, स्टील आलं, आणि हा आजार आता जवळजवळ दिसेनासा झाला. पितळेला वेळेवर कल्हई करा असं आजी का म्हणायची, ते यातून कळतं.

इथून आपल्यासाठी एक धडा: *दूध पिणारं पिल्लू तांबं जास्त शोषतं.* दुधावरचं कोकरू पोटात गेलेल्या तांब्यातलं ७० ते ८५ टक्के शोषून घेतं. चारा खाऊ लागल्यावर हेच प्रमाण १० टक्क्यांच्या खाली येतं. म्हणून कोकराला, करडाला वरचं दूध पाजत असाल तर तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. आणि गाईच्या वासरासाठी बनवलेली दूधपावडर कोकराला देऊ नका.

*५) आता हिशेब*

मेंढीच्या एकूण खाद्यात, कोरड्या वजनावर, किलोमागे *१५ मिलिग्रॅम* तांबं ही वरची मर्यादा धरतात. गाईला ४० पर्यंत चालतं. एकदम पोटात गेलं तर मेंढीला वजनाच्या किलोमागे २० ते ११० मिलिग्रॅम तांबं बाधतं. गाईला हाच आकडा २२० ते ८८० आहे. म्हणजे गाईवरून मेंढीचा अंदाज बांधणं चूक आहे.

➡️ *बोर्डो:* एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, १ किलो चुना. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं. म्हणजे १०० लिटरमध्ये २५० ग्रॅम, एका लिटरमध्ये अडीच ग्रॅम. ३० किलोच्या मेंढीला धोका सुरू होतो ६०० मिलिग्रॅमला. *हे तांबं पाव लिटर बोर्डोत असतं.* ड्रमच्या तळाशी उरलेलं पाणी ती सहज पिऊन जाईल. नुसत्या मोरचुदाचे खडे म्हणाल तर अडीच ग्रॅम पुरे.

➡️ *खनिज मिश्रण:* गाई-म्हशीच्या मिश्रणाच्या पिशवीवर तांबं ०.१ टक्का लिहिलेलं असेल तर किलोत १००० मिलिग्रॅम झालं. रोज १० ग्रॅम दिलं तर १० मिलिग्रॅम. दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा खाणाऱ्या मेंढीला चाऱ्यातून ५ ते १० मिलिग्रॅम आधीच मिळतं. बेरीज १५ ते २०. एका दिवसात काही होणार नाही, पण महिनोन्‌महिने दिलं तर उघाडीला ते झेपणार नाही.

➡️ *कोंबडीखत:* जिथे कोंबड्यांच्या खाद्यात मोरचूद घातलेलं असतं, तिथल्या लिटरमध्ये मेंढीच्या मर्यादेच्या कितीतरी पट तांबं असू शकतं. शेतात टाकलेल्या ढिगावर सांडलेलं खाद्य शोधायला मेंढ्या तोंड घालतात.

शेळी तांबं मेंढीपेक्षा बरंच सोसते. पण करडांच्या बाबतीत मेंढीइतकीच काळजी घ्या.

*६) काय करायचं, काय नाही*

❌ तांब्याचं औषध मारलेल्या वाडीत, भाजीच्या रानात किमान तीन आठवडे मेंढ्या घालू नका. तीन आठवड्यांनंतरही पानांवर निळसर-पांढरा थर दिसत असेल तर थांबा.
❌ फवारलेल्या मिरची, टोमॅटो, कलिंगडाचे उपटलेले वेल-झाडोरा मेंढ्यांपुढे टाकू नका.
❌ गाई-म्हशीचं किंवा कोंबडी-डुकराचं खाद्य, त्यांची चाटण वीट मेंढीला नको. पिशवीवर "मेंढीसाठी" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.
❌ जंतासाठी मोरचुदाचं पाणी पाजायची जुनी पद्धत बंद करा. आज त्याहून सुरक्षित जंतनाशकं मिळतात.
❌ खुरं सडली म्हणून मोरचुदाच्या पाण्यातून मेंढ्या नेऊ नका, त्या ते पितात. डॉक्टरांना विचारून झिंक सल्फेटचं पाणी वापरा.
❌ पंप, ड्रम तळ्यात किंवा ओढ्यात धुवू नका. तिथं मेंढ्या पाणी पितात, आणि मासळी-कोळंबीलाही तांबं बाधतं.

✅ मोरचुदाच्या रिकाम्या पिशव्या, उरलेले खडे कुलपात ठेवा. मिश्रण लागेल तेवढंच बनवा.
✅ *मेंढपाळदादांना खरं सांगा.* कोणत्या तुकड्यात काय मारलं आणि कधी, ते वाडा बसायच्या आधी सांगा. शंभर मेंढ्यांचा कळप हे त्या कुटुंबाचं सगळं भांडवल असतं. आपण सांगितलं नाही आणि चार दिवसांनी पुढच्या गावात त्यांची मेंढरं पडली, तर त्यांना कारणही कळणार नाही. त्यांनी नाही म्हटलं तर घासाघीस करू नका, न फवारलेलं भाताचं खाचर द्या.
✅ फवारणीची तारीख वहीत लिहा. पोफळी, आंबा, भाजी, सगळ्यांची.

फवारणी बंद करा असं आम्ही म्हणत नाही. कोळेरोगाने पोफळीचं पीक कसं गळतं ते आपण पाहतो. बोर्डो लागणारच. फक्त मेंढी आणि बोर्डो यांच्यात अंतर ठेवा.

*७) लक्षणं ओळखा*

🔴 लघवी गडद लाल, काळ्या चहासारखी.
🔴 डोळ्यांच्या आतली कातडी, हिरड्या पिवळ्या.
🔴 मेंढी कळपामागे राहते, मान खाली, खात नाही, धाप लागते.
🔴 मोरचूद एकदम पोटात गेलं असेल तर पोटदुखी आणि निळसर-हिरवी पातळ हगवण.

लाल लघवी गोचीड तापातही होते. म्हणून घरच्या घरी निदान करू नका. *१९६२* वर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. डॉक्टरांना आधी सांगा: काय खाल्लं, जवळ कुठे तांब्याचं औषध मारलं होतं का.

डॉक्टर येईपर्यंत: संशयाचं खाद्य, पाणी बंद करा. मेंढ्यांना हळूहळू जवळच्या सावलीत न्या. पळवू नका, टेम्पोत भरून लांब नेऊ नका. वर वाचलंत तसं, दगदगीनेच खांड पडते.

ज्या मेंढीची लघवी लाल झाली ती वाचेलच असं सांगता येत नाही, त्यातल्या बहुतेक जातात. *पण बाकीचा कळप वाचू शकतो.* लक्षण दिसायच्या आधी यकृताच्या रक्ततपासणीत बिघाड कळतो. मॉलिब्डेनम आणि गंधकाचे क्षार खाद्यातून देऊन साठलेलं तांबं कमी करता येतं. मात्र हे डॉक्टरांच्या मापानेच. जास्त झालं तर उलट तांबं कमी पडण्याचा आजार होतो.

मेंढी मेलीच तर शवविच्छेदनाशिवाय पुरू नका. तांब्याच्या बाधेत मूत्रपिंड निळं-काळं, तोफेच्या लोखंडासारखं दिसतं, यकृत पिवळसर. यकृत आणि मूत्रपिंडाचे नमुने डॉक्टरांमार्फत पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात. एका मेंढीच्या तपासणीतून पन्नास वाचतात. अशा मेंढीचं मटण, विशेषतः कलेजी, खाऊ नका आणि विकू नका.

*८) जनुक बदलून हा प्रश्न सुटेल का?*

जनुकाचा उपयोग मेंढीपालनात होतो, आपल्या राज्यातच होतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणलं. रक्ताच्या चाचणीवरून कोणत्या मेंढीत ते आहे हे कळतं. पण जुळं देणं एका जनुकावर ठरतं. तांब्याच्या बाबतीत तिजोरी, वाहतूकदार, पंप आणि स्विच अशी अनेक जनुकं मिळून काम करतात. म्हणून इथं आज तरी उपाय जातीत नाही, आपल्या हातात आहे. उघाडी रुंद करता येत नसेल तर आत येणारं पाणी कमी करायचं.

त्या सभासदांना आम्ही हेच सांगितलं: मिरचीचा तुकडा आणि वाडी दोन्ही सोडा, वरच्या भातखाचरात वाडा बसवा, आणि मेंढपाळदादांना म्हणा, तुमचं बरोबर होतं.

फवारणीच्या शंकांसाठी श्रीवर्धनचं सुपारी संशोधन केंद्र किंवा किल्ला-रोह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. खनिज मिश्रणाच्या पिशवीवरचा मजकूर समजत नसेल तर त्याचा फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाका, आम्ही वाचून सांगू.

हा मेसेज शेजारच्या वाड्यातल्या मेंढपाळदादांपर्यंत पोचवा. त्यांच्याकडे मोबाईल नसेल तर वाचून दाखवा.


आपली शेतकरी उत्पादक कंपनी, रेवस